शेऱ्याचा रकाना

पहिला फोन आला तेव्हा आक्का टोस्टला लोणी लावत होती, आणि फोन करणारा हसत होता. रविवारी सकाळी सव्वानऊला वकील हसत हसत फोन करतो तेव्हा कुणाच्या तरी घरी पंचाईत झालेली असते, हे तिला वडिलांच्या अमदानीपासून ठाऊक होतं. ते घर आपलंच असेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"आक्का, ते पंख्याचं खरं का हो?"

"कसल्या पंख्याचं?"

"मी बोलायला उभा राहिलो की तुम्ही सभागृहाचा पंखा बंद करता, म्हणजे मी लवकर बसतो! एकवीस वर्षं मी समजतोय की त्या इमारतीचं वायरिंग खराब आहे."

आक्काच्या हातातली सुरी हवेतच राहिली. शेरा तिचाच होता, शब्द न् शब्द. पण तो होता वकील संघाच्या सदस्य-रजिस्टरात, शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने, मुंगीच्या अक्षरात. रजिस्टर होतं लोखंडी कपाटात. आणि कपाटाची किल्ली या क्षणीसुद्धा तिच्या पर्समध्ये होती.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? संघाच्या चिटणीसांनी. काल संध्याकाळी सगळ्या सदस्यांना धाडलंय. परिशिष्ट 'ब' उघडा, आणि वाचा. आमच्याकडे मंडळी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी आहेत."

संघाचा चिटणीस समोरच बसला होता, अंड्याचं कवच सोलत. आक्काचा थोरला भाचा. त्याच्या शेजारी त्याचे वडील, म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ, संघाचा अध्यक्ष. वय त्रेसष्ट, पण आक्काच्या लेखी अजून बाळच. पलीकडे भावजय. चाळीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झाली तरी घरात तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणत, तोंडावरसुद्धा. आणि खिडकीशी, जेवणाच्या टेबलापासून मुद्दाम लांब, चहाचा कप घेऊन धाकटी भाची. तीही वकील. गेले तीन आठवडे ती वडिलांशी मोजकंच बोलत होती.

भांडण होतं कायद्याचं. लोकांच्या खासगी माहितीसाठी सरकार नवा कायदा आणत होतं. तुमच्याबद्दल कोणत्याही कचेरीत काही लिहून ठेवलेलं असेल तर ते पाहायला मागता येईल, चुकीचं असेल तर दुरुस्त करून घेता येईल, आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला तीन दिवसांत कळवावं लागेल. यावर संघाचं मत उद्यापर्यंत जायचं होतं, आणि ते ठरवायला आज पाच वाजता सभा होती. बाळचं म्हणणं, वकिलांना या कायद्यातून पुरती सूट हवी. धाकटीचं म्हणणं, खटल्याच्या कागदांपुरती सूट ठीक, बाकी वकील काय आभाळातून पडलेत का? थोरला वडिलांच्या बाजूचा. मास्तरीणबाई दोन्ही बाजूंना गप्प बसवण्याच्या बाजूच्या. घरात दोन चुली व्हायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आक्का कुठल्याच बाजूला नव्हती. ती वकील नव्हती. एकेचाळीस वर्षं तिने संघाचं कार्यालय सांभाळलं, आणि तिची ख्याती एकच: आक्काच्या कानात गेलेली गोष्ट आक्काच्या तोंडातून बाहेर येत नाही.

"परिशिष्ट 'ब' म्हणजे काय रे?" तिने विचारलं.

"सदस्यांची यादी," थोरला म्हणाला. "आपण तीनशे चाळीस जण आहोत हे सरकारला कळायला हवं ना. मागे तुझं रजिस्टर संगणकावर चढवलं होतं, तीच."

"शेऱ्यांसकट चढवलं होतंस?"

"तूच म्हणालीस, आहे ते सगळं उतरव. पण तो रकाना मी झाकलाय, आत्या. दिसत नाही."

"झाकलास की पुसलास?" धाकटीने खिडकीतूनच विचारलं.

"झाकला. संगणकावर अजिबात दिसत नाही."

"आणि फोनवर?"

थोरल्याने फोन उघडला. अंडं तसंच राहिलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि शेवटी त्या अंड्यासारखा झाला.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून फोन त्याच्या हातातून काढून घेतला. चाळीस वर्षं वर्गात पकडलेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची सवय. "'केसांच्या टोपाबद्दल बोलू नये,'" त्या वाचू लागल्या. "'दोन मिनिटंच बोलतो म्हणाले की खुर्ची द्यावी.' हे उपाध्यक्ष, नाही का? 'या दोघांना शेजारी बसवू नये. कारण दोघेही विसरले आहेत, तरी बसवू नये.' अगं आक्का!"

"पुरे," आक्का म्हणाली.

"थांबा, आपल्या घरचेही आहेत. 'अध्यक्ष. हो म्हणाल्यावर एक दिवस थांबावे.'" मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "लग्नाआधी मला हे कुणी दाखवलं असतं तर! आणि चिटणीसांचा ऐका. 'कागद पाठवण्यापूर्वी कुणीतरी वाचावा.'"

धाकटीच्या नाकातून चहा यायचा राहिला. बाळसुद्धा हसला. थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला नाही का काही?" धाकटीने विचारलं.

"'बरोबर असते. जरा हळू सांगावे.'"

तिने कप खिडकीत ठेवला.

तोवर बाळचा फोन, थोरल्याचा फोन आणि दिवाणखान्यातला जुना फोन तिन्ही एकदम वाजायला लागले होते. बाळने स्वतःचा बंद केला आणि मसुद्याची प्रत ओढून घेतली. चौथा मुद्दा त्याने स्वतः लिहिला होता, आणि त्याला तो फार आवडला होता. 'वकिलाला गुप्तता शिकवावी लागत नाही; ती त्याच्या रक्तातच असते.' खाली छापलं होतं: सोबत परिशिष्ट ब.

"झालं," तो म्हणाला. "सगळ्यांना निरोप धाड. परिशिष्ट न वाचता पुसून टाकावं."

"बाबा, तीनशे चाळीस वकिलांना वाचू नका म्हणून सांगणार?" धाकटी म्हणाली. "ज्यांनी अजून उघडलं नाही तेही उघडतील."

"मग म्हणू या, कुणीतरी आपल्या संगणकात घुसलं," थोरला बोटांच्या फटीतून म्हणाला. "हल्ली होतं असं."

"कोण घुसलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कुणीतरी. अज्ञात."

"आणि त्या अज्ञाताने तुझ्या सहीनिशी, 'सप्रेम नमस्कार' लिहून पाठवलं? बावळटा, चाळीस वर्षं वह्या कुत्र्याने खाल्ल्याचं ऐकत आले मी. तुझा अज्ञात त्या कुत्र्याचाच भाऊ आहे."

"मी म्हणत होते ना, असं होणारच!" धाकटी आता टेबलाशी येऊन बसली होती. "कुणाबद्दल काय लिहितो, कुठे ठेवतो, कुणी पाहतो, कशाचा पत्ता नाही—"

तिचं वाक्य पुरं होण्याआधी आक्का उठली. तिने आपली ताटली उचलली, धुतली, पुसली, जाग्यावर ठेवली. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं: आक्का भांडत नाही, ताटली धुते.

"आत्या, मी तुला नाही म्हणाले."

"मलाच म्हणालीस, आणि खरं ते म्हणालीस. तुझ्या आजोबांनी पहिलं रजिस्टर आखलं तेव्हा सभासद अठ्ठावीस होते. ते म्हणाले, आक्के, नुसत्या नावाने माणूस लक्षात राहत नाही, शेवटी एक रकाना मोकळा ठेव. मी ठेवला. कुणाला काय लागतं, कुणाला काय खुपतं, ते लिहीत गेले. कुणाचं वाईट चिंतून एक अक्षर लिहिलं नाही." तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पण आता माझ्यासमोर कोण तोंड उघडेल? आज सभा झाली की ही किल्ली दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी थांबते."

फोन वाजतच होते. कुणी उचलला नाही.

"आक्के," बाळ म्हणाला, "चूक आमची, शिक्षा तुला, हे कुठलं न्यायशास्त्र?"

"तू हो-बी काही म्हणू नकोस. एक दिवस थांबावं लागेल."

तेवढं बोलून ती साडी बदलायला गेली. मागे तिला ऐकू आलं, धाकटी भावाला म्हणत होती, "ऊठ. लपवायचं नाही. सभेत तू स्वतः सांगायचं. काय बोलायचं ते मी लिहून देते." आणि थोरला, जो तीन आठवडे बहिणीला 'न्यायमूर्ती' म्हणून चिडवत होता, निमूटपणे म्हणाला, "जरा सोपं लिही."

*

संघाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा गुळगुळीत झालेला. खाली झेरॉक्सवाला, वर सभागृह, आणि सभागृहाच्या बाजूला आक्काची खोली: एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट, आणि भिंतीवर वडिलांच्या काळातलं घड्याळ, जे वकिलांसाठी मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असे.

खुर्च्या लावायला ती चार वाजता पोचली, तर जिन्यावर रांग होती.

एवढी माणसं तिने संघाच्या निवडणुकीलासुद्धा वेळेआधी पाहिली नव्हती. आता सगळे आपल्यावर तुटून पडणार, असं तिला वाटलं. पण कुणी आवाज चढवला नाही, उलट रांगेने बाजूला सरून तिला वाट दिली. आत बाळने आधीच येऊन कपाट उघडून रजिस्टर टेबलावर काढून ठेवलं होतं.

"मला मूळ पान दाखवा," पहिला म्हणाला. तो टोपवाला. तो हसत नव्हता. "तीनशे चाळीस जणांना कळलं, आक्का, की टोप आहे."

"साहेब, त्यांना आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर लिहावं लागलं."

"सगळ्यांना?"

"नव्या मुलांना नसेल. त्यांच्यासाठीच शेरा होता." मग ती हळू म्हणाली, "मला तुम्हाला विचारायला हवं होतं. माफी मागते."

"खोडा," तो म्हणाला. तिने त्याच्यादेखत खोडलं. तो दारापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "बरा दिसतो का पण?"

"न्यायाधीशांपेक्षा बरा."

तेव्हा तो हसला.

दुसऱ्याला दुरुस्ती हवी होती: तो चहात साखर घेत नाही हे नऊ वर्षांपूर्वीचं, आता घेतो. तिसऱ्याला आपल्या नावापुढे काहीच शेरा नाही याचं वाईट वाटलं होतं. शेजारी न बसवायचे ते दोघे एकाच बाकावर बसून आपण का भांडलो होतो ते आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्यावरूनच पुन्हा भांडण जुंपायच्या बेतात होतं.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिने रांग पाहिली, मग आत्याकडे पाहिलं, आणि शेऱ्यात लिहिल्याप्रमाणे जरा हळू म्हणाली, "आत्या, यांतले किती जण बाबांच्या बाजूचे?"

"काल रात्रीपर्यंत बहुतेक सगळे."

"आणि आज इथे काय मागायला आलेत?"

आक्काने रांगेकडे पाहिलं. पाहायला, दुरुस्त करायला, खोडायला. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर ज्याच्यावरून ताटल्या आदळल्या, तेच कलम जिन्यावर उभं होतं, काळे कोट घालून.

रांगेच्या शेवटी जुने नोटरी होते. वय ऐंशीच्या घरात. ते फोनवर काही उघडत नसत, फोन फक्त फोन करायला वापरत. खुर्चीवर बसून त्यांनी काठी टेबलाला टेकवली.

"लोक म्हणतात, माझ्याबद्दलही काही लिहिलंय. वाचून दाखवा. मला तुमचं अक्षर दिसायचं नाही."

आक्काने पान उलटलं. शेरा तिच्या लक्षात होता. तो वाचताना आपला आवाज बदलेल असं तिला वाटलं नव्हतं.

"'पत्नी गेल्या. समितीवर नाव घालू नये, त्रास देऊ नये. विचारल्यास जागा भरली म्हणावे.'"

नोटरींनी तारीख विचारली. तिने सांगितली. अकरा वर्षांपूर्वीची.

"दर वर्षी मी विचारायला यायचो," ते म्हणाले. "दर वर्षी जागा भरलेली. मला वाटलं, म्हातारा झालो, यांना नको झालोय. कुणाला बोललो नाही. कशाला बोलायचं!"

"मला वाटलं, तुम्हाला त्रास नको. सहा महिन्यांनी खोडायचं होतं. राहून गेलं."

"मला त्रास हवा होता हो, आक्का. घरी भांडायला माणूस उरलं नव्हतं. समितीत निदान आठ जण असतात."

तिने कुणाची गुपितं फोडली नव्हती, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि तरी एका माणसाला अकरा वर्षं बाहेर बसवलं होतं. कशासाठी? तर भल्यासाठी. त्याला न विचारता. हा शेरा त्याने एकदा पाहिला असता तर अकरा वर्षं वाचली असती.

सभागृहात घंटा वाजली.

*

थोरला आधी उभा राहिला. हातात बहिणीने लिहिलेला कागद होता, पण तो त्याने घडी करून खिशात घातला.

"काल तुमची सगळ्यांची खासगी माहिती फुटली," तो म्हणाला. "ती मी फोडली. रकाना पुसायच्या ऐवजी झाकला. नवा कायदा म्हणतो तीन दिवसांत कळवा. मी एका दिवसात कळवतोय, तेवढंच एक बरं केलं. माझ्या नावापुढचा शेरा तुम्ही सगळ्यांनी वाचलाच असेल. त्यात दुरुस्ती नको."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी टाळीही वाजवली. बाळने मुलाकडे असं पाहिलं, जसं त्याच्या स्वतःच्या वडिलांनी, तो पहिला खटला हरून आला तेव्हा, त्याच्याकडे पाहिलं होतं: रागाने नाही, ओळख पटल्यासारखं.

मग आक्का उठली.

"हरकत आहे," उपाध्यक्ष म्हणाले. "आक्कांबद्दल आदर आहे, पण त्या सदस्य नाहीत. नियमाप्रमाणे—"

"मी दोन मिनिटंच बोलते," आक्का म्हणाली.

"त्यांना खुर्ची द्या!" तीन-चार जण एकदम ओरडले, आणि उपाध्यक्षांनाच इतकं हसू आलं की हरकत तिथेच बुडाली.

"माझे शेरे तुम्ही हसण्यावारी नेलेत, हे तुमचं मोठं मन," ती म्हणाली. "सकाळी मला वाटलं होतं, माझी चूक म्हणजे कागद बाहेर गेला. ती तर अपघाताने झाली. खरी चूक त्याआधीची. मी तुमच्याबद्दल लिहिलं आणि तुम्हाला दाखवलं नाही. चांगल्या मनाने लिहिलं म्हणून दाखवायची गरज वाटली नाही. त्यात एका माणसाचं नुकसान केलं मी, त्याचं नाव सांगणार नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तुम्हीसुद्धा तुमच्या अशिलांबद्दल लिहीत असाल. चांगल्या मनानेच लिहीत असाल. आज तुम्ही जिना चढून जे मागायला आलात, ते त्यांनीही मागितलं तर?" ती थांबली. "बाकी कायद्यातलं मला कळत नाही."

कुणी पंखा बंद केला नव्हता, तरी ती बसली.

बाळने समोरचा मसुदा पुढे ओढला. "खटल्याचे कागद अशिलाचे असतात, ते विरुद्ध पक्षाला मागता येता कामा नयेत," तो म्हणाला. "एवढी सूट मी सोडणार नाही."

"ती सोडा असं मी कधी म्हटलंच नव्हतं, बाबा," धाकटी तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

"नसशील म्हटलं, मला घाईत नीट ऐकू आलं नसेल. तेवढी ठेवू या. बाकीची सूट, आणि ते रक्तातलं वाक्य, मी मागे घेतो."

"म्हणजे अध्यक्ष हो म्हणाले?" उपाध्यक्षांनी उठून विचारलं. "मग एक दिवस थांबायचं का?"

"मुदत उद्या संपते," मागच्या भिंतीशी पाहुण्या म्हणून बसलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "या एका होला सवलत द्या."

हात वर झाले. धाकटीने मोजले, थोरल्याने पुन्हा मोजले. विरुद्ध अकरा. शिवाय ठरलं की प्रत्येक सदस्याला त्याचा शेरा पंधरा दिवसांत चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ठेवायचा की खोडायचा, ते त्याने सांगायचं. तीनशे चाळीस चिठ्ठ्या. त्या कुणी लिहायच्या याबद्दल कुणी प्रस्तावही मांडला नाही, सगळ्यांनी फक्त आक्काकडे पाहिलं. बाळने खिशातून किल्ली काढली आणि तिच्यासमोर धरली. तिने ती घेतली.

सभा पांगली तेव्हा अजून उजेड होता. खालून झेरॉक्सवाल्याच्या शटरचा आवाज आला. जिन्यात बाळ आणि धाकटी चौथा मुद्दा नव्याने कसा लिहावा यावर वाद घालत उतरत होती, आणि तीन आठवड्यांनी प्रथमच दोघं एकमेकांचं बोलणं मध्येच तोडत होती.

आक्का खोलीत येऊन पाहते तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जुने नोटरी. समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, हातात तिची पट्टी. ते चिठ्ठ्या फाडत होते, एकसारख्या मापाच्या.

"हे काय?"

"समिती. तुमच्या भाच्याने आत्ताच नाव घातलं. लिहा तुम्ही, मी मापं बघतो." त्यांनी टेबलावरच्या रजिस्टराकडे बोट दाखवलं. "हे काय अक्षर! माणसाने वाचायचं की मुंगीने? मोठं काढा."

"आल्या आल्या भांडण?"

"त्याचसाठी आलोय."

आक्काने रजिस्टर त्यांच्या पानावर उघडलं. जुना शेरा रबराने पुसला, कागदावर फुंकर घातली, पेन्सिलीला टोक काढलं. सवयीने टोक कागदाला टेकलंही. मग तिने हात थांबवला.

"'समितीत घ्यावे. भांडतात,'" ती म्हणाली. "असं लिहू का?"

नोटरींनी विचार केला. अगदी पुरा विचार केला, साक्षीपुराव्यासकट.

"लिहा," ते म्हणाले.